ताईची चाचणी आणि ओट्यावरच्या बायका

आमच्या दिशाताईला गावात अजूनही काही लोक ‘येड्यांची डॉक्टर’ म्हणतात. ती डॉक्टर आहे, पण पीएच.डी.वाली, सुई टोचणारी नव्हे. आणि वेड्यांशी आपला संबंध फक्त दिपेशमुळे येतो, असं ती चारचौघांत सांगते. दिपेश म्हणजे मी, तिचा धाकटा भाऊ. रेती, विटा, सिमेंट पुरवायचा माझा धंदा आहे, लिहायचा नाही. पण ताईबद्दल लोक काहीही बोलतात, आणि ते ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून एकदा सगळं सरळ सांगून टाकतो.

आमचं गाव दिवा आणि डोंबिवलीच्या मध्ये, खाडीच्या अंगाला. वडील, म्हणजे आमचे बाबा, पंढरी, तरुणपणी मिठागरात राबले, पावसाळ्यात भात लावला. आता ना मिठागर आहे ना भात. आमच्याच शेतावर टॉवर उभे राहिले आणि गावातल्या पोरांच्या हातात बांधकामाचे धंदे आले. शिकून काय करायचंय, असं म्हणण्याचे ते दिवस होते. त्या दिवसांत आमच्या घरातली मुलगी कॉलेजात गेली आणि तिने विषय घेतला मानसशास्त्र. बाबांनी विचारलं, हे काय असतं? ताई म्हणाली, माणसाचं मन कसं चालतं ते मोजून बघायचं. बाबा म्हणाले, मीठ मोजतात, मन कसं मोजशील? पण त्यांनी अडवलं नाही. फी भरली आणि गावात कोणी टोमणा मारला की उठून चालू लागायचे.

या विषयाची पहिली झळ मला बसली. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला एक माणूस लागतो, ज्याच्यावर प्रयोग करायचा. त्याला पुस्तकात ‘प्रयुक्त’ म्हणतात. ताईचा प्रयुक्त मी. एक आरसा, त्याच्यापुढे चांदणीचं चित्र, आणि चित्र सरळ दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा. आरशात बघत चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची. ऐकायला सोपं वाटतं. हात उजवीकडे न्यायचा ठरवला की पेन्सिल भलतीकडे पळायची. मी चिडून पेन्सिल मोडली. ताईने शांतपणे दुसरी दिली आणि काहीतरी लिहून घेतलं. पुढे मला कळलं की माझं चिडणंही तिने टिपलं होतं. असा राग आला मला! पण परीक्षेला तिने तेच सांगितलं, की चिडल्यावर चुका वाढतात, हा बघा पुरावा, आणि तिला चांगले मार्क पडले.

जेवताना ती आम्हाला तिच्या विषयाच्या गोष्टी सांगायची. मन हा देवाधर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रांत समजला जायचा तेव्हा जर्मनीत एका प्राध्यापकाने एका खोलीत उपकरणं मांडली आणि म्हणाला, इथे मोजूया. आधी लोक स्वतःच्याच मनात डोकावून काय दिसतं ते सांगत. मग दुसरे उठले आणि म्हणाले, तुमच्या मनातलं आम्हाला कसं दिसणार, जे वागणं डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं. मग तिसरे उठले. मला हे सगळं आमच्या गावकीच्या बैठकीसारखं वाटायचं, फक्त खुर्च्या फेकल्या जात नव्हत्या एवढंच. ताई म्हणायची, भांडले म्हणूनच विषय वाढला, कारण प्रत्येकाला दुसऱ्याची चूक दाखवायला पुरावा आणावा लागला.

तिची आवडती गोष्ट घोड्याची. बर्लिन शहरात एका माणसाने आपल्या घोड्याला गणित शिकवलं. तीन आणि दोन किती, विचारलं की घोडा पाचदा खूर आपटायचा. मोठमोठे लोक तपासायला आले, कुणालाही लबाडी सापडेना. मग एका तरुण संशोधकाने युक्ती केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी सोय केली. झालं, घोडा आपटतच राहिला. त्याला गणित येत नव्हतंच. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाची मान किंचित हलायची, चेहरा सैल पडायचा, घोडा ते बघून थांबायचा. त्या माणसालाही पत्ता नसायचा की आपण सांगतोय. ताई म्हणायची, तेव्हापासून आमच्यात नियम आला, की माणसाला प्रश्न विचारताना आधी स्वतःवर नजर ठेवायची.

आम्ही सगळे हसायचो. आमची आई, सगुणा, शाळेचं तोंड न पाहिलेली, भाकरी थापता थापता एकच विचारायची, “मंग त्या घोऱ्याचा काय केला?” ताईला ते ठाऊक नव्हतं. ती म्हणायची, आई, मुद्दा घोड्याचा नाहीये. आई पुढची भाकरी तव्यावर टाकायची.

आता मूळ गोष्टीवर येतो. ताई प्राध्यापक झाली, कल्याणला राहून तिथल्या कॉलेजात मुलांना शिकवू लागली, आणि काही वर्षांपूर्वी तिने एक काम हाती घेतलं. म्हातारपणी विसरायला होतं, पण साधं विसरणं कुठलं आणि आजाराची सुरुवात कुठली, हे ओळखायला चाचण्या असतात. त्या बहुतेक बाहेरून आलेल्या. शंभरातून सात वजा करत जा, घड्याळाचं चित्र काढा, तारीख सांगा. आमच्या गावातल्या, कधी शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांना हे विचारलं की सगळेच आजारी ठरत. ताई म्हणाली, अशी मोजपट्टी आमच्या लोकांवर लावायची नाही. तिने नवी चाचणी बांधली. लक्षात ठेवायचे शब्द घरातलेच घेतले: कोयता, हंडा, चटई, सूप. वार, महिना, सण, रोजचे व्यवहार, सगळं इथलंच.

चाचणी बांधली म्हणजे झालं असं नसतं. आधी शेकड्यांनी माणसांवर ती लावून बघायची, मग कळतं कितीवर नीट आणि कितीखाली काळजी. ताई आणि तिचे विद्यार्थी आमच्या आणि शेजारच्या गावांत घरोघर फिरले. ठाण्याच्या एका दवाखान्याने कळवलं, की निकाल पक्के झाले तर आम्ही हीच चाचणी वापरू. ठाण्याच्या एका कॉलेजात मोठी परिषद होती, तिथे ताई निकाल मांडणार होती. इतक्या वर्षांच्या खटपटीचं चीज व्हायला आलं होतं.

नियमाप्रमाणे चाचणी एकेकट्याची घ्यायची. पण आमच्या गावात एकेकटं कोणी असतं का? घरात पाहुणा आला की सगळं घर भोवती बसतं. त्यात प्रश्न घरधन्याला, आणि घरधनीण पाणी, चहा, पोहे घेऊन शेजारी. तिला तिच्याच घरात ‘तुम्ही जरा दुसऱ्या खोलीत जा’ म्हणणं हा अपमान. दुसऱ्या गावचा संशोधक कदाचित म्हणाला असता. ताई याच मातीतली, ती म्हणाली नाही. विद्यार्थ्यांनाही तिने सांगितलं, बायकांना बसू द्या, फक्त बोलू देऊ नका. आपली माणसं आपल्याला कळतात, याची तिला खात्री होती.

बाबांची चाचणी ती घेणार नव्हती आणि त्यांचे गुण हिशेबातही धरणार नव्हती. स्वतःच्या बापाला कोण तटस्थपणे मोजेल, असं तिचं म्हणणं. पण गावभर घेतली आणि पंढरीची नाही घेतली, असं झालं असतं तर बाबांना वाईट वाटलं असतं. गावदेवीच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान बाबांचा आहे. म्हणून ताईने कादंबरी नावाच्या विद्यार्थिनीला पाठवलं. ही मुलगी डोंबिवलीची, मूळ घर राजापूरकडे, बोलायला मऊ, कामाला पक्की. बाबांनी तिला फटाफट उत्तरं दिली. उत्तम गुण मिळाले. आम्ही खूश झालो, आई सगळ्यांत जास्त.

चाचणीवर विश्वास ठेवता येतो का, हे बघायची एक पद्धत असते. काही आठवड्यांनी तीच चाचणी त्याच माणसांना पुन्हा द्यायची. मोजपट्टी चांगली असेल तर माप साधारण तेच येतं. याला ते फेरचाचणी म्हणतात. कादंबरी फेरचाचणीला आमच्या घरी आली त्या दिवशी बाजूच्या आळीत पौष लागायच्या आधीची शेवटची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आई सकाळपासून तिकडेच. मी साइटवर. बाबा एकटे.

कादंबरी दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन ताईकडे गेली. आपल्याच हातून काहीतरी चुकलं, असं तिला वाटत होतं. बाबांना वार सांगता आला नव्हता. महिना नाही. चार शब्दांतला एकही नाही.

ताईने तिला समजावून पाठवलं आणि रविवारी जेवायला आमच्याकडे आली. कुणाला काही बोलली नाही. भिंतीला टेकून बसली आणि बघत राहिली. मला वाटलं थकली असेल. आई वाढत होती. ताईने सहज विचारावं तसं विचारलं, बाबा, आज वार कुठला? बाबांनी घास घेतला. आई माझ्या ताटात रस्सा वाढत पुटपुटली, आज मटण हाय म्हणून पोर लवकर घरी आलाय, नायतर येतो का. बाबा म्हणाले, रविवार. ताईने विचारलं, महिना? आई म्हणाली, संक्रांतीचे तीळ आणायचे राहिलेत. बाबा म्हणाले, पौष. मी आयुष्यभर त्या पंक्तीला जेवलो आहे. मला त्यात काहीच वेगळं दिसलं नव्हतं.

मग ताईने आईला म्हटलं, जरा कांदा कापून आणतेस का? आई आत गेली. ताईने बाबांना विचारलं, बाबा, मागच्या आठवड्यात हळद कोणाकडे होती? बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. थांबले. पुन्हा पाहिलं. मग अगदी मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, “तुजी आय येऊ दे, मंग सांगतो.”

माझा घास हातातच राहिला. ताईने मान खाली घातली होती. आम्हा दोघांनाही एकाच वेळी तो घोडा आठवला होता, हे मला तिला न विचारताच कळलं.

आईने काही फसवणूक केली असं कोणी म्हणालं तर मी त्याच्या घरी जाईन. ती तिच्या परीने फक्त बाजू सांभाळत होती. नवऱ्याला जेवताना पाणी लागेल हे ओळखून तांब्या पुढे सरकवावा, तसा ती त्यांच्यापुढे वार सरकवायची, महिना सरकवायची. किती दिवसांपासून, तिलाही सांगता आलं नाही. चाचणीच्या वेळी तोंड बंद ठेवा असं सांगितलं होतं, तिने ठेवलं; वार आणि महिना त्याआधीच, चहा देताना तिच्या बोलण्यात येऊन गेले होते. पण कोयता, हंडा, चटई, सूप, हे सगळं त्याच खोलीत. आईची नजर कोनाड्यातल्या कोयत्यावर गेली आणि बाबा म्हणाले कोयता. ताईने शब्द आपल्या घरातले निवडले, आणि उत्तरंच खोलीत मांडून ठेवली. नजर म्हणजेही बोलणं, हे ताई वर्गात शिकवते. आपल्या घरच्या ओळखीच्या नजरेपुढे ते तिला दिसलं नाही.

आता प्रश्न एकट्या बाबांचा नव्हता. उत्तरपत्रिकेवर घरात कोण हजर होतं हे लिहायची जागा असते. ताईने आठवडाभर बसून त्या वेगळ्या काढल्या. बायको शेजारी असलेल्या नवऱ्यांचे गुण भरपूर, विधुरांचे कमी. ताईने आधी त्याचा अर्थ लावला होता, की जोडीदार असला की बुद्धी टिकते. परिषदेत ती हेच अभिमानाने मांडणार होती. बायकांचं उलटं निघालं. बायको विचार करत असतानाच नवरा मोठ्याने उत्तर देऊन मोकळा व्हायचा, किंवा ‘हिला काय कळतंय’ म्हणायचा, आणि बाई गप्प बसायची. म्हणजे सगळ्या आकड्यांत दोन-दोन माणसं बसलेली होती. हीच चाचणी दवाखान्यात गेली असती तर विसरायला लागलेले कितीतरी पुरुष ‘ठीक आहेत’ म्हणून घरी पाठवले गेले असते.

ताईने आईला सांगितलं तेव्हा आई घरापुढच्या ओट्यावर बसली होती. बाबांना डॉक्टरकडे न्यायला ती लगेच तयार झाली. पण परिषदेत हे बोलायचं, पुन्हा घरोघर जाऊन चाचण्या घ्यायच्या, म्हणजे गावात सगळ्यांना कळणार. “बाय,” ती म्हणाली, “बापाचा मान गावान नको घालवूस.” तिला भीती त्या नारळाची होती. ज्याला महिना कळत नाही त्याच्या हातात गावदेवीचा नारळ कोण देईल? ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिचा रागही येत होता. बापापेक्षा आकडे मोठे झाले का, असं माझ्या मनात आलं.

परिषदेच्या दिवशी मीच गाडी काढली. माजिवड्याला नेहमीप्रमाणे अडकलो. पुलाखाली गाड्या हलेनात, तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, बाबांचे गुण तू हिशेबात धरलेलेच नाहीस. मग कोणाला काय कळणार आहे? आज निकाल मांड, पुढे हळूहळू दुरुस्त कर. वर्षं घातली आहेस त्यात.

ताई समोरच्या ट्रककडे बघत म्हणाली, “दिपू, मी पोरांना पहिल्या दिवशी सांगते, आपली आवडती गोष्ट खोटी ठरेल असा प्रयोग आधी करा. आज माझी वेळ आहे. आज मी नाही केलं, तर उद्या कादंबरीला काय तोंड दाखवू?”

मी हॉर्न वाजवला. पुढे जागा नव्हतीच, पण मला काहीतरी करायला हवं होतं.

सभागृहात मी मागच्या रांगेत बसलो. ताई उभी राहिली, आमच्या गावच्या बाईला शोभेल तशी ताठ, हातात काही कागद नाही. तिने चाचणी कशी बांधली ते सांगितलं. मग म्हणाली, “याचे निकाल आज मी तुमच्यासमोर मांडणार होते. ते मी मागे घेतेय. चूक माझी आहे, विद्यार्थ्यांची नाही.” आणि मग चूक कशी झाली, कशी सापडली, सगळं पायरीपायरीने सांगितलं. बायकोला तिच्या घरातून उठवायचं नाही, हा आमचा रिवाज तिने सांगितला. नाव एकाही घराचं घेतलं नाही. मला मात्र आमच्या स्वयंपाकघराचं दार दिसत होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अशा बातमीला टाळ्या कशा वाजवणार? दवाखान्याचे लोक एकमेकांकडे बघत होते. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, की पुन्हा करणार का? ताई म्हणाली, करणार, पण बायकांना न दुखवता बाहेर कसं काढायचं ते अजून सुचलं नाहीये. त्या बाई म्हणाल्या, सुचलं की आम्हालाही सांगा, आमच्याही आकड्यांत अशी घरं असतील. चहाच्या वेळी लोक ताईभोवती जमले. दवाखान्याच्या माणसाने सांगितलं, आम्ही थांबू. मी वडापाव खात लांब उभा होतो, आणि सकाळी गाडीत आलेला माझा राग कुठे गेला ते कळत नव्हतं. ती माझी बहीण आहे, असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं. त्याने विचारलंही नव्हतं.

घरी आल्यावर ताई सरळ आईपाशी बसली. मला वाटलं, आता माफी मागेल. तिने मागितली नाही. तिने आईला काम सांगितलं. म्हणाली, आई, बाबांना तू जेवढं वाचतेस तेवढं मला पुस्तकं वाचता येत नाहीत. आता तूच सांग, गावातल्या बायका नवऱ्याला एकटं ठेवून घराबाहेर कशा येतील? कुणाचा अपमान न करता.

आईने दारातून ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, पापड.

आमच्याकडे शिमग्याच्या आसपास तांदळाचे पापड घालतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, आळीतल्या सगळ्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन जमतात. बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नाही, आणि घरात ‘जाऊ का’ असं विचारावंही लागत नाही. आई म्हणाली, या वर्षी सगळ्या आळ्यांचे पापड आपल्या ओट्यावर घालू. एकेका आळीला बोलावते. बायका इकडं, तुझ्या कॉलेजातल्या पोरींनी तिकडं जाऊन पुरुषांना विचारा. बायकांचं आमच्या मागच्या खोलीत विचारा, एकेकीचं. नवऱ्याला तिथं कोण येऊ देतंय.

इतक्या वर्षांच्या अभ्यासाला जे सुचलं नाही ते आईला सुचलं म्हणून मी हे सांगत नाही. आईला तो प्रश्न पडलाच नव्हता, ताईने तिला नेमका विचारला तेव्हा उत्तर आलं. प्रश्न नीट विचारणं हेच माझं काम, असं ताई म्हणते, आणि आता मला ते पटतं.

आमच्या आळीची पाळी आली त्या दिवशी मी घरीच होतो. ओट्यावर बायका गोलाकार बसल्या होत्या, पिठाचा वास, गप्पा, कुणाच्या सुनेची निंदा. आई मधोमध. आतल्या खोलीत बाबा आणि कादंबरी. या वेळी शब्द बदलले होते, खोलीत नसलेल्या वस्तूंचे. दार पुढे केलेलं, खिडकी उघडी.

बायका बोलत होत्या तेवढ्यात आतून बाबांची हाक आली. “सगुणा.”

माझे बाबा आईला नावाने हाक मारत नाहीत. दिपेशची आय म्हणतात, नाहीतर नुसतं अगो. सगळ्या बायका गप्प झाल्या आणि आईकडे बघू लागल्या. पुन्हा हाक आली, जरा मोठ्याने. कादंबरी त्यांना काहीतरी हळू समजावत होती. आईचं लाटणं थांबलं होतं. उठली असती तर तिला कोणी दोष दिला नसता, मी तर नाहीच. आम्ही सगळे तिच्या उठण्याचीच वाट बघत होतो.

आई उठली नाही. तिने पापड उचलला, चटईवर टाकला, दुसरी लाटी घेतली आणि लाटू लागली. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, ते तिने दंडाला पुसलं. शेजारच्या विमलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग एकेक करत सगळ्यांची लाटणी चालू झाली. त्यातल्या किती जणी आपापल्या घरी हेच करत आल्या होत्या, ते त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. संध्याकाळी जाताना दोघी-तिघींनी ताईला बाजूला घेतलं आणि आमच्यांचंही बघ, म्हणून सांगितलं.

सगळ्या गेल्यावर आई हात धुऊन ताईजवळ बसली. बाबांचे गुण तिने विचारले नाहीत. कितीतरी वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न विचारला, “मना आज खरा सांग. मंग त्या घोऱ्याचा काय केला?”

या वेळी ताईला ठाऊक होतं. तिने शोधून काढलं होतं. खोटं सांगायची तिला सवय नाही, आईलाही नाही. तिने सांगितलं, मालक थोड्या वर्षांत वारला, घोडा दुसऱ्यांकडे गेला, पुढे लढाई आली आणि त्यात तो कुठे गेला ते कुणालाच नीट माहीत नाही. आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला.

“बिचारा,” आई म्हणाली. “त्याच्या घरान कोनी बाई नव्हती.” आणि ती बाबांना चहा द्यायला उठली.

ताईची नवी मोजपट्टी आता पूर्ण झाली आहे. पुरुषांचे गुण उतरले, बायकांचे चढले, आणि या वेळी फेरचाचणीत माप तेच आलं. ठाण्याच्या त्या दवाखान्यात ती वापरतात. चाचणीच्या सूचनांमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं आहे, की जोडीदाराला मानाने दुसरं काम द्यावं, नुसतं बाहेर पाठवू नये. खाली मदत करणाऱ्यांची नावं आहेत, त्यात कादंबरीनंतर आमच्या आईचं नाव आहे. कुणाचेही गुण ताई सांगत नाही, तो नियमच आहे. आईनेही चाचणी दिली होती, तिचे मात्र सगळ्या गावाला माहीत आहेत, कारण तिने स्वतःच सांगत फिरून ते माहीत करून दिले. बाबांना ठाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी ते बरे असतात.

या चैत्रात गावदेवीची जत्रा झाली. गावात सगळ्यांना आता बाबांचं माहीत होतं. नारळ आणून बाबांच्या हातात दिला गेला, दरवर्षीसारखा. ढोल थांबला. बाबा नारळ घेऊन उभे राहिले, आणि उभेच राहिले. त्यांनी वळून गर्दीत पाहिलं. इतकी वर्षं आई या वेळी बायकांच्या घोळक्यात मागे उभी राहायची, तिथूनच बघायची. या वर्षी ती गर्दीतून पुढे आली, देवीसमोर बाबांच्या बाजूला उभी राहिली, पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नारल हाय हातान. देवीला सांगा आनि फोरा.”

बाबांनी देवीला काहीतरी सांगितलं आणि नारळ फोडला. एका फटक्यात. ढोल सुरू झाला. ताई माझ्या शेजारी उभी होती, ती लहान मुलीसारखी रडत होती आणि हसत होती. गावकीतलं कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी होतोच.